हिराआत्यांचा सायकलींचा कळप

औषधाच्या दुकानातून मी बाहेर आले, तर माझ्या स्कूटरपुढे मुळ्याचा पाला ठेवलेला. चांगला मूठभर, हिरवागार, पुढच्या चाकाला टेकवून नीट मांडलेला. शेजारी नऊवारीतल्या एक बाई उभ्या होत्या. सावळ्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पायांत मात्र पी.टी.च्या सरांसारखे पांढरेशुभ्र बूट. स्कूटरकडे त्या अशा नजरेने पाहत होत्या, की मलाच तिची दया यावी.

"तुजी का ही?" त्यांनी विचारलं.

"हो. का हो?"

"न्हाई, कवाची हुभी हाय बिचारी. कुनी चारा टाकला न्हाई, पानी पाजलं न्हाई. म्हनलं, आपुन तरी टाकावा."

"दोनच मिनिटं लावली होती," मी म्हटलं. पुण्यात हे वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ असतं.

"मंग दोन मिन्टात खाऊन व्हईल व्हय तिचं? खाऊ दे की सावकाश." असं म्हणून त्यांनी बुटाच्या टोकाने खाली खूण केली. खाली सायकलींसाठी रंगवलेला हिरवा पट्टा होता, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्र होतं आणि त्या चित्राच्या बरोबर मधोमध माझ्या स्कूटरचं चाक होतं. मी गाडी काढली. घाईत पाला डिकीत टाकला आणि घरी जाऊन त्याची भाजी केली. एवढा ताजा पाला टाकून देणं काही जमलं नाही.

अशी माझी आणि हिराआत्यांची पहिली भेट.

त्या आमच्याच इमारतीतल्या संपतच्या आत्या निघाल्या. संपत एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्याच्या बायकोला नोकरी लागली आणि त्यांच्या मुलीकडे, गौरीकडे, बघायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून त्याने गावाहून आत्यांना आणलं. तो आत्या म्हणायचा म्हणून गौरीही आत्याच म्हणायची, आणि बघता बघता वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळेच म्हणायला लागले. गाव वेल्ह्याकडचं. पासलीच्याही वर, डोंगराच्या खांद्यावर त्यांचा धनगरवाडा. आत्यांचं लग्न झालं होतं, पण त्या लवकरच माहेरी परतल्या आणि भावाबरोबर शेरडं-मेंढरं वळण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. सासर का सोडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझं माहेर भाटघरचं. हे कळल्यावर आत्यांचा चेहरा असा काही उजळला की बस. "धरनाखालची व्हय? मंग तू घरचीच की!" भाटघर आणि पासली यांच्यामध्ये किती डोंगर उभे आहेत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, पण पुण्याच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की तो सगळा मुलूख एकाच अंगणातला वाटतो. त्या दिवसापासून मी 'मनीषा'ची 'मने' झाले.

आत्या गरीब स्वभावाच्या वगैरे अजिबात नव्हत्या. वय विचारलं की दर वेळी निराळं सांगत, आणि ते सहसा आधीपेक्षा कमी असे. तरुणपणी त्यांनी काठीने हाकललेला बिबट्या दर महिन्याला थोडा थोडा वाढत होता. आंब्याच्या कांडी आइस्क्रीमसाठी त्या गौरीशी भांडत आणि भांडण जिंकत. बुटांवर डाग पडला तर दिवसभर त्यांचा मूड जाई. पण बाई आनंदी! सकाळी त्यांचा आवाज जिन्यातून आला की घरात कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटे. मला त्यांच्या त्या आवाजाचा हेवाच वाटायचा.

गौरीला शाळेत सोडायला त्या पायी जात, तेही सायकलींच्या मार्गावरून, कारण फुटपाथ खणलेला होता. हा सायकलींचा मार्ग म्हणजे आमच्या भागाचं भूषण. सुरुवातीला त्यावर स्कूटरी, मग भाजीची हातगाडी, मग विजेची पेटी, मग ब्लॉक उखडलेला खड्डा, आणि एवढं सगळं करून तो मार्ग थेट एका पिंपळाच्या बुंध्याला जाऊन संपतो. आत्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मान वर करून पिंपळाचा शेंडा बघितला आणि म्हणाल्या, "आता हितनं फुडं झाडावर चढवायची म्हनायची सायकल."

स्कूटरींवर त्यांनी आरडाओरडा केला नाही. भाजीवाल्याकडून उरलासुरला पाला मागून घ्यायचा आणि मार्गावर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपुढे मूठमूठ ठेवत जायचं, एवढंच. मी विचारलं तर म्हणाल्या, "आगं, आमच्याकडं बांधलेलं जनावर दिसलं आन म्होरं वैरन नसली, तर आपला घास टाकल्याबिगर मानूस फुडं जात न्हाई. मालकाला शिवी द्यायची न्हाई. त्याला आपसूक लाज वाटती." आणि वाटायचीही. लोक इकडेतिकडे बघत, पाला बाजूला सारत आणि गाडी काढत. चार दिवस भाजीवाला हे बघून पोट धरून हसला. पाचव्या दिवशी आत्यांनी त्याचाच पाला त्याच्याच हातगाडीपुढे ठेवला. तेव्हापासून तो पिंपळाखाली उभा राहतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्या वर्षी शाळेने कळवलं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर सायकल स्टँड बंद होणार आणि त्या जागी पालकांच्या गाड्या लागणार. मोठ्या बाईंचं म्हणणं सरळ होतं. रस्त्यावर भीती, म्हणून मुलं सायकलने येत नाहीत, आणि मुलं येत नाहीत तर स्टँड हवाय कशाला? स्टँडमध्ये खरोखरच दोन-तीन गंजक्या सायकली तेवढ्या होत्या. माझी मुलगी ओवी गौरीच्याच वर्गात. तिची वाढदिवसाची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात होती, कारण मी तिला रस्त्यावर सायकल काढू देत नव्हते. मी भित्री आहे. रस्ता ओलांडताना मी मांजरासारखी तीनदा पुढे आणि दोनदा मागे होते. त्या संध्याकाळी ओवी सायकलजवळ बसून रडत होती. "आई, स्टँडच गेला तर मग मी कधीच जाणार नाही. मोठी होईन आणि तुझ्यासारखी स्कूटर घेईन." हे ती ज्या सुरात म्हणाली, तो मला जरा लागलाच.

आत्या तिथेच शेंगा खात बसल्या होत्या. म्हणाल्या, "येकटं कोकरू हमरस्त्यानं कुनी सोडतं व्हय? तुज्या आईचं बरोबर हाय. पर कळपानं जायला काय झालं?"

मग टरफलं मांडून त्यांनी आम्हाला दाखवलं. पावसाळा सरला की त्यांचा कळप चाऱ्यासाठी डोंगर उतरून मार्गासनीवरून नसरापूरकडे यायचा आणि तिथला हमरस्ता ओलांडून पलीकडे जायचा. पुढे एक ठाम शेळी, घंटा बांधलेली. तिच्यामागे धष्टपुष्ट मेंढरं, मध्ये कोकरं आणि लंगडी, कडेने कुत्री. आणि सगळ्यांत मागे माणूस. "फुडं शेळी चालती. मागं मात्र मानूसच पायजे," त्या म्हणाल्या. "कळप निघताना आमी आरोळी द्यायचो, मागं कोन? मागनं 'म्या हाय' आसं आल्याबिगर फुडचं पाऊल हालायचं न्हाई."

"मग आमच्या मागे कोण?" ओवीने विचारलं.

"म्या की!"

"पण आत्या, तुम्हाला सायकल कुठे येते?"

"शिकीन. त्या बिबट्याला काय शिकून हाकलला व्हता?"

त्यांना सायकल शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये गर्दी जमायची. काष्टा घट्ट मारून आत्या सायकलवर बसत आणि तिच्याशी बैलाशी बोलावं तसं बोलत. ब्रेकला हात लावत नसत. "थांब गं, थांब माजे बाय," असं गोंजारून सांगत, आणि ती थांबली नाही की भिंतीला जाऊन टेकत. हेल्मेटला तर साफ नकार होता. डोक्यावरचा पदर काढून असलं वाडगं घालणार नाही, म्हणाल्या. शेवटी गौरीने ते त्यांच्या पदरावरूनच चढवलं. आत्यांनी आरशात पाहिलं, डावी-उजवीकडे मान वळवली. "आरं, हे तर इरल्यावानी हाय की!" भातलावणीच्या वेळी पावसात डोक्यावर इरलं घ्यायचं, तसंच हे. मग त्या ते घालायला कधी विसरल्या नाहीत, आणि आमच्या इमारतीतली सगळी मुलं आजही हेल्मेटला इरलंच म्हणतात.

मी कॅरिअर धरून मागे पळायचे. त्या ओरडायच्या, "मागं कोन?" मी धापा टाकत म्हणायचे, "मी!" एक दिवस, सगळे करतात तसंच, मी हळूच हात सोडला. आत्या छान गेल्या. पार दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, आणि मला लांब उभी पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या मात्र उतरल्या, सायकल भिंतीला लावली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मागं हाय म्हनलीस, आन न्हवतीस."

"अहो, पण आली ना तुम्हाला सायकल! असंच शिकवतात."

"शिकवत आसतील. मागं हाय म्हनलं की आसायचं."

पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेंगांचा पुडा घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा कुठे राग गेला.

कळप सुरू झाला तेव्हा त्यात इमारतीतली मोजकीच मुलं होती. पुढे गौरी, कारण ती कधी घाई करत नाही. मध्ये छोटी. मागे हेल्मेट आणि नऊवारीतल्या आत्या. प्रत्येक सायकलला त्यांनी गावाहून मागवलेली शेळीची घंटा बांधली होती. शाळा सकाळची. निघताना "मागं कोन?" अशी आरोळी गौरी द्यायची, "म्या हाय!" असं उत्तर यायचं, आणि तो सगळा किणकिणाट रस्त्याला लागायचा. मी पहिल्या दिवशी स्कूटरवरून त्यांच्या मागोमाग गेले. जीव मुठीत धरून.

आणि पहिल्याच दिवशी चौकात घोळ झाला. हिरवा दिवा होता, गौरी पलीकडे गेली, तिच्यामागे निम्मी मुलं गेली, आणि दिवा लाल झाला. नसरापूरला कळप रस्त्यावर आला की ट्रकवाले आपोआप थांबतात. शेवटचं मेंढरू पार होईपर्यंत हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. आत्यांच्या हिशेबी इथेही तसंच होणार होतं. कळप तुटतोय हे दिसताच त्यांनी सायकल रस्त्यावर आडवी टाकली आणि दोन्ही हात पसरून चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या. "जावा रं पोरांनू! जावा, म्या हाय!"

बस थांबली, रिक्षा थांबल्या, हॉर्नचा एकच गलका झाला. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत धावत आला.

"आजी, सिग्नल दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतोय की. पर त्याला माजी पोरं दिसत्यात का, ते इचार."

पोलीस तसा तरुणच होता. त्याने मुलांकडे पाहिलं, घंटांकडे पाहिलं, आत्यांच्या बुटांकडे पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना. सगळी मुलं पार झाल्यावर मात्र त्याने आत्यांना कडेला घेऊन चांगलं सुनावलं. शहरातली गाडी कळप ओळखत नाही, एखादा थांबलाच नसता तर? चौकाच्या अलीकडे सगळ्यांनी आधी एकत्र थांबायचं, नवा हिरवा दिवा लागला की एकदम निघायचं. आत्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना कुणाचं ऐकून घेताना मी तेवढंच पाहिलं. घरी येऊन म्हणाल्या, "त्याचं खरं हाय, मने. हितलं रान येगळं हाय." दुसऱ्या दिवसापासून कळप चौकाच्या अलीकडे थांबू लागला, आणि तो पोलीसही शाळेच्या वेळेला बरोबर तिथे उभा राहून शेवटच्या सायकलीपर्यंत हात आडवा धरू लागला.

हळूहळू पुढच्या इमारतींमधली मुलं येऊन मिळाली. घंटा ऐकू आल्या की लोक गॅलरीत येत. पाला ठेवायचं काम मुलांनी आपल्याकडे घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर आता ठेवायला गाड्याच फारशा सापडत नव्हत्या. पण शाळेचा निर्णय काही बदलला नव्हता. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी कळप शाळेत पोचला, मागोमाग स्कूटरवरून मीही पोचले, तर स्टँडमध्ये एक पांढरी गाडी उभी. मोठ्या बाईंची. बाकीच्या जागेत सायकली मावेनात. मुलं हिरमुसून उभी राहिली. आत्या फाटकाशीच थांबल्या. शाळा म्हणजे त्यांना फार मोठी गोष्ट वाटे. फाटकाच्या आत त्या कधी गेल्या नव्हत्या.

तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या आणि थबकल्या. त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी मुळ्याचा पाला होता.

मी आत्यांकडे पाहिलं, आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, म्या न्हाई.

"कोणी ठेवलं हे?" बाईंनी विचारलं.

"मी, बाई," ओवी पुढे झाली. माझी ओवी, जी वर्गात पाणी प्यायला जाऊ का हे विचारायलाही घाबरते. "गाडी उपाशी होती. आणि आमच्या सायकलींना जागा नव्हती."

मोठ्या बाई वाकल्या, पाला उचलला, उलटसुलट करून पाहिला. मग त्यांची नजर स्टँडबाहेर उभ्या असलेल्या सायकलींवरून शेवटपर्यंत फिरली, आणि सगळ्यांत मागे फाटकाशी, हेल्मेट घालून अवघडून उभ्या असलेल्या आत्यांवर थांबली.

"ताजा आहे," त्या म्हणाल्या. पाला पर्सला लावून धरला, गाडीत बसल्या आणि गाडी बाहेर काढली. मुलांनी जो काही घंटांचा दणका उडवला तो वरच्या वर्गांपर्यंत ऐकू गेला असेल. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा स्टँडच्या खांबांना नवा रंग होता, आणि फाटकावर मोठ्या बाई स्वतः आत्यांची वाट बघत उभ्या होत्या. त्यांना आत नेऊन चहा पाजला. आत्यांनी तिथेही बिबट्या सांगितला. तोपर्यंत तो वाघ झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गावी परत गेल्या. गौरी मोठी झाली होती आणि भावाचे गुडघे धरले होते. कळप भावजयीला एकटीला आवरत नव्हता. जायच्या दिवशी त्यांनी आपली सायकल माझ्या दारात आणून लावली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

"आता मागं तू."

"आत्या, मला नाही जमणार. मला फार भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे."

"वाटू दे की. ज्याला भ्या वाटतं त्योच बरोबर बघतो." मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "फकस्त मागं हाय म्हनलीस की आस."

मी त्या दिवशी खूप रडले. दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू झाली आणि मी सायकलवर बसले. गौरीने आरोळी दिली, "मागं कोन?" माझं 'मी आहे' माझं मलाच ऐकू आलं. सगळी मुलं मागे वळून बघायला लागली. दुसऱ्यांदा ओरडले, तेव्हा कुठे ते पुढे पोचलं.

या हिवाळ्यात मुलांनी हट्टच धरला. मग संपतने टेम्पो ठरवला, त्यात सायकली भरल्या आणि आम्ही पासलीला गेलो. भातं निघून गेली होती, खाचरांत नुसती खोडकं. भावाचे गुडघे धरल्यापासून कळप नसरापूरकडे जात नव्हता; आत्या तो घेऊन डोंगरावरून उतरत होत्या. पायांत तेच बूट, आता मातीच्या रंगाचे. मुलं सायकली टाकून धावली. आत्यांनी एकेकाचं तोंड कुरवाळलं, आंब्याची कांडी आणली का म्हणून विचारलं, आणि मग सगळेच खालच्या पाणवठ्याकडे निघालो. रस्ता अरुंद, डांबरी. पुढे मेंढरं, मागे सायकली.

मी सवयीने सगळ्यांत मागे राहिले आणि आत्यांसाठी जागा करून बाजूला झाले. त्यांची जागा होती ती. आयुष्यभराची. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलच्या हँडलवर हात ठेवून मी उभी होते ते पाहिलं, आणि काठी खांद्यावर टाकून कळपाच्या कडेने भराभर पुढे निघून गेल्या. पार पुढे. घंटेच्या शेळीच्याही पुढे.

तेवढ्यात माझ्या मागे एक गाडी येऊन थांबली. पुण्याची, किल्ला बघायला आलेली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मी सायकल कडेला लावली आणि हात आडवा पसरला. काच खाली करून एका तरुणाने विचारलं, "काकू, किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा," मी म्हटलं.

पुढून, मेंढरांच्या आणि घंटांच्या सगळ्या आवाजावरून, आत्यांची आरोळी आली.

"मागं कोन?"

"मी आहे, आत्या!" मी जीव खाऊन ओरडले. "मी आहे!"

कळप हलला. पाणवठ्याच्या वळणापर्यंत आत्या पुढेच चालत होत्या, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.